मदत हवी आहे: आउटबोर्डचा रिव्हर्स गिअर सुटतो

मंडळी, ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवतात ते इंजिन) आहे, रिमोट लिव्हरवालं. फॉरवर्ड बिनतक्रार पडतो. रिव्हर्सही पडतो, पण जरा रेस दिली की कटकट आवाज करत सुटतो आणि पंखा नुसता गचके देतो. जेट्टीला लावताना ऐन वेळी हे झालं की काय होतं, ते सांगायला नको!

केबल इंजिनाकडून सोडून पाहिली. लिव्हर लोण्यासारखा फिरतो, म्हणजे केबल जाम नाही. मग इंजिन बंद ठेवून, पंखा हाताने फिरवत शिफ्ट आर्म (केबल जोडलेली असते तो इंजिनावरचा गिअरचा दांडा) थेट रिव्हर्सला दाबला. पंखा पक्का अडला. यावरून मला केबलच्या अॅडजस्टमेंटचाच संशय येतोय.

पण गिअर ऑइल काढलं तेव्हा गोंधळ वाढला. ऑइल दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मात्र राखाडी लगद्यात दोन-तीन चकचकीत कपच्या होत्या. क्लच डॉगच्या (गिअरमध्ये अडकून पंखा फिरवणाऱ्या दातेरी भागाच्या) कडा झिजल्या असतील का? मेकॅनिक न उघडताच अख्खा लोअर युनिट (गिअर आणि पंखा असतो तो खालचा भाग) बदला म्हणतोय, ते काही पटत नाही.

केबलचा बॅरल (टोकाचा, केबल अॅडजस्ट करायचा आट्यांचा तुकडा) फिरवून रिव्हर्सकडे थ्रो (केबलची सरक) वाढवला, तर फॉरवर्डला कमी पडेल का? की आधी लोअर युनिटच उघडू?