बेसचा ट्रस रॉड स्वतः फिरवावा की कारागिराकडे द्यावा?

खर्ज_डोंबिवली

दर वर्षी गणपतीच्या तोंडावर हेच होतं. कार्यक्रमांच्या तारखा लागतात, पावसाळाभर बॅगेत पडलेला बेस गिटार बाहेर निघतो आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, खरखरायला लागते. मग फोनाफोनी सुरू. सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सुराची जुळणी, कोण करून देईल, परवापर्यंत मिळेल का? नेमकी त्याच आठवड्यात प्रत्येक रिपेअरवाल्याकडे रांग असते.

माझं मत असं आहे की ज्याच्या घरात बेस आहे त्याला त्याचा सेटअप स्वतः करता आलाच पाहिजे. ट्रस रॉडसकट, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) आत तिचा बाक कमी-जास्त करणारी जी सळी असते तिच्यासकट.

सात वर्षांपूर्वी मी माझा बेस एका नावाजलेल्या माणसाकडे दिला होता. दीड हजार रुपये मोजले. दुकानात वाजवून पाहिला तर लोण्यासारखा, तारा बोर्डाला जेमतेम सुटलेल्या. दोन दिवसांनी मैदानावर कार्यक्रम होता. शेजारी ढोलकी आणि ऑक्टोपॅड असला की माझा उजवा हात आपोआप जड पडतो. त्या रात्री जोरात छेडलेला प्रत्येक सूर फ्रेटवर आपटून जागीच मेला. लावणीच्या ठेक्याखालून बेस निघून गेला की वरची सगळी वाद्यं अधांतरी वाटतात, ते मी तीन तास ऐकत उभा होतो. त्या माणसाने काम चोख केलं होतं. फक्त ते माझ्या हातासाठी नव्हतं, कारण माझा हात त्याने पाहिलाच नव्हता.

शिकायला फार काही नाही, क्रम पाळायचा. नेहमी वाजवता त्याच तारा लावून सुरात आणा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते फिलर गेजने मोजा. हे गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तेच. फट ०.३ मिमीच्या आसपास हवी. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाव फेरा, कमी असेल तर उलट. मग सॅडलची, म्हणजे खालच्या टोकाला तार ज्यावर टेकते त्या तुकड्याची, उंची. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (गोलाईच्या) बोर्डासाठी फेंडरच्या तक्त्यात सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली ६/६४ इंच आणि जी तारेखाली ५/६४ इंच दिलंय, म्हणजे साधारण २.४ आणि २ मिमी. मी त्याहून थोडी उंच ठेवतो, माझ्या हाताला तेवढी लागते. सगळ्यात शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तेव्हा नेक स्क्रूंनी बसवली, चिकटवली नाही. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे उघडता आणि बदलता येईल असंच वाद्य त्याने बनवलं. आपण मात्र त्याला हात लावायला घाबरतो.

---

लाकूडकाम_पुणे

टेबलाच्या पलीकडून लिहितोय. हेच काम करतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन बेस आले, तिन्हींच्या ट्रस रॉडचा नट आतून गोल झालेला. कारण एकच. नट ३/१६ इंचाचा, म्हणजे ४.७६ मिमीचा, आणि घरात होती साडेचारची अ‍ॅलन की. जरा सैल बसते, पण फिरते. मग फिरेनाशी होते, तेव्हा माणूस जोर लावतो. यात कधी नट बदलून भागतं, कधी फ्रेटबोर्डच उचलावा लागतो. दीड हजाराचं काम तिथे बेसच्या किमतीएवढं होतं.

बेसच्या चार तारा मिळून नेकवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो. त्या ताणाविरुद्ध लाकडातली सळी कसायची, तीही व्हिडिओ बघून, हे मला पटत नाही. शिवाय "पाव फेरा" हे कुठल्याही बेसला लागू पडत नाही. एखादी नेक आठव्या भागातच हलते, एखाद्या जुन्या नेकला अर्धा फेरा देऊनही काही होत नाही, कारण रॉड आधीच संपलेला असतो. तो संपलाय हे हाताला कळतं, आणि ते कळायला वर्षं जातात.

आणि खरखर म्हणजे दर वेळी ट्रस रॉड नसतो. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर असेल तर नेक बहुधा जास्त सरळ झालेली असते. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहे किंवा नेकचा कोन चुकलाय. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट वर आलाय. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर वरच्या नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची (ट्रस रॉडचा नट वेगळा), खाच खोल गेली आहे. लोक चारही दुखण्यांवर एकच औषध देतात आणि ते म्हणजे ट्रस रॉड.

---

जुनीतार

म्हापशाहून. मला तुम्हा दोघांचंही पटत नाही.

माझ्या बेसवर नऊ वर्षं त्याच फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट, गुळगुळीत) तारा आहेत. नऊ वर्षांत ट्रस रॉडला किल्ली लागलेली नाही. समुद्र इथून जवळ आहे, पाऊस तुमच्यापेक्षा कमी नाही. नेक थोडी इकडेतिकडे होते, मी बोट थोडं इकडेतिकडे करतो.

अमेरिकेतल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांखाली ज्याचा बेस आहे तो जेम्स जेमर्सन. १९६२ चा प्रिसिजन, जाडजूड ला बेला फ्लॅटवाउंड, अ‍ॅक्शन (तारांची बोर्डापासूनची उंची) जास्त, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. पहिल्या प्रिसिजन बेसला चार तारांना मिळून सॅडल होते दोन. १९५७ पर्यंत हेच चाललं. दोन तारांचं इंटोनेशन एका सॅडलवर नीट लागूच शकत नाही, तरी त्या सहा वर्षांत लोक वाजवत होते आणि ऐकणारे नाचत होते. मी लहानपणी रेडिओवर राहुलदेव बर्मन यांची गाणी ऐकायचो, त्यात टोनी वाझ यांचा बेस. तो सूर ऐकून मी हे वाद्य धरलं. त्या सुराखाली किती मिमीची फट होती असा प्रश्न मला आजवर पडलेला नाही.

हल्लीची मुलं बेस घेतात आणि पहिले सहा महिने अ‍ॅक्शन खाली आणण्यात घालवतात. तेवढा वेळ मेट्रोनोमबरोबर बसा.

---

खर्ज_डोंबिवली

जुनीतार, टोनी वाझ यांच्याबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. जेमर्सनची उंच अ‍ॅक्शन हाही सेटअपच होता, त्याच्या हातासाठी त्याने ठेवलेला. तो दुसऱ्याने "दुरुस्त" करून खाली आणला असता तर तो सूर राहिला असता का?

आणि नऊ वर्षं टिकल्या त्या फ्लॅटवाउंड. आम्ही ऑर्केस्ट्रावाले राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या) लावतो, कारण नव्या गाण्यांना ती धार लागते. त्यांच्या वळ्यांत घाम आणि मळ बसतो, इथल्या हवेत गंज चढतो, तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि मग बाराव्या फ्रेटवरचा सूर कितीही सॅडल सरकवा, जुळत नाही. तिथे बोट इकडेतिकडे करून निभत नाही, फ्रेट असतात.

लाकूडकाम, किल्लीच्या मापाचं शंभर टक्के मान्य. मूळ लेखात लिहायला हवं होतं. पण चुकीच्या किल्लीवरचा उपाय बरोबर किल्ली हा आहे.

---

पहिलाफ्रेट

मी दोन वर्षांपासून वाजवते, पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये. माझा अनुभव खर्जदादांच्या विरुद्ध आहे म्हणून लिहिते.

माझा हात लहान आहे. ई तारेवर पहिल्या फ्रेटचा एफ दाबताना मनगट दुखायचं. सगळे म्हणाले, ताकद येईल. मग म्हणाले, चौतीस इंची बेस तुझ्यासाठी नाही, तीस इंची शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांचा, घे. मी विकायला काढला होता. त्याआधी तुम्ही सांगता ते सगळं केलं: फिलर गेज, सॅडल, सगळे आकडे बरोबर. बाराव्या फ्रेटवर बेस मऊ, पहिल्यावर तसाच दगड.

शेवटी एका कारागिराकडे नेला. त्यांनी ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली आणि पहिल्या फ्रेटवरची फट दाखवली. तिथे कागद जाईल एवढीच फट हवी, माझ्या बेसला जाड पुठ्ठा गेला असता. नटच्या खाचा कारखान्यातूनच उथळ आल्या होत्या. अर्ध्या तासात त्यांनी चारही खाचा घासल्या. त्या दिवशी मी घरी येऊन दोन तास वाजवलं, मनगट दुखलं नाही. हे मला स्वतःला कधीच सापडलं नसतं. दोन वर्षं मी माझ्या हाताला दोष देत होते.

---

जवारी

बेस मुलगा वाजवतो, मी गाते. त्यामुळे तुमचे आकडे मला कळत नाहीत, पण भांडण ओळखीचं वाटलं.

माझा तंबोरा मिरजेचा. जवारी उतरली की तो मिरजेलाच जातो. घोडीचा माथा घासून तारेला तो नाद आणणं हे पिढ्यांचं काम आहे, त्याला मी बोट लावत नाही. पण तारेखालचा दोरा रोज मीच सरकवते. हवा बदलली, पट्टी बदलली की तो केसभर पुढे-मागे करावा लागतो, आणि माझ्या कानाला कुठे गोड लागतं ते दुसऱ्याला कसं कळणार? मणीही मीच फिरवते. दोरा सरकवायला मिरजेला जाणारा गवई मी पाहिला नाही आणि जवारी स्वतः घासणाराही क्वचितच.

तुमच्या वाद्यात दोरा कोणता आणि जवारी कोणती, एवढंच ठरवा ना.

---

लाकूडकाम_पुणे

ताई, हे फार नेमकं बोललात.

माझं उत्तर: सॅडलची उंची, इंटोनेशन, पिकअपची उंची, तारा बदलणं हा दोरा. नटच्या खाचा आणि फ्रेट समतल करणं ही जवारी. नट जास्त घासला गेला तर परत भरता येत नाही, नवा घालावा लागतो. ट्रस रॉड मी जवारीतच धरतो.

तारा बदलण्याबद्दल एक गोष्ट. जाड ४५-१०५ चा संच काढून बारीक ४०-९५ चा लावलात तर ताण कमी होतो, नेक मागे जाते आणि खरखर सुरू होते. लोकांना वाटतं तारा खराब निघाल्या.

---

संत्रानगरी

राजेहो, तुमी सगळे दमट हवेतले. नागपूरचा मे महिना बेसला दाखवा एकदा. इथं लाकूड सुकून आकसते अन् फ्रेटांची टोकं कडेनं बाहेर येतात. डावा हात खाली-वर सरकवला का तळहात सोलून निघते. कूलरच्या खोलीत ठेवला तर बरं राहते, पण कूलर बंद झाला का रातभरात नेक वेगळी.

वर्षातून एकदा-दोनदा सेटअप करून भागत नाही इथं, चारदा लागते. चारदा बेस घेऊन कोणाकडं जाऊ? मी ट्रस रॉड स्वतः फिरवतो, सहा वर्षं झाली, काही तुटलं नाही. टोकं मात्र घासून घेतली कारागिराकडून, ते आपलं काम नव्हे.

---

खर्ज_डोंबिवली

संत्रानगरींनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. ट्रस रॉड हा दोराच आहे, कारण तो हवेबरोबर हलतो. माझी नेक पावसाळ्यात सरळ होते, आमच्याच गिटारवाल्याची नेमकी उलट पुढे झुकते. कुठल्या नेकचा काय स्वभाव, ते तिच्याबरोबर चार पावसाळे काढलेल्यालाच कळतं.

पहिलाफ्रेट, तुमचं वाचून मात्र मी गप्प झालो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीलाही मी "ताकद येईल" म्हणालो होतो. तिचा नट उद्याच बघतो. घासणार नाही, फक्त मोजतो.

लाकूडकाम, मोजून झाल्यावर तिला तुमच्याकडे पाठवू का? आणि माझ्या पहिल्या तक्रारीचं उत्तर अजून राहिलंय. तुम्ही गिऱ्हाइकाचा हात बघता का?

---

लाकूडकाम_पुणे

पाठवा. नेहमीच्याच तारा लावलेल्या असू देत, नव्या लावून आणू नका.

हात बघतो. बेस घेतल्यावर मी गिऱ्हाइकाला दहा मिनिटं वाजवायला लावतो. पण दुकानात सगळे हळूच वाजवतात, लाजतात, हे खरं आहे. तुमच्याबाबतीत तेच झालं असणार. आता यापुढे अँपचा आवाज वाढवून, ढोलकीचा ठेका लावून वाजवायला सांगेन.

ट्रस रॉडबद्दल माझं मत तेच आहे. फिरवायचाच असेल तर आधी तारा सैल करा, पहिला आठवा भाग सैल बाजूला फिरवून तो हलतोय का ते बघा, मग कसा. एक रात्र थांबून सकाळी परत मोजा. आणि किल्ली विकत घेताना नेक बरोबर न्या.

---

जुनीतार

सगळं वाचलं. आज दुपारी पहिल्यांदाच बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून पाहिला. ए तार बरीच चढी आहे.

तारा बदलणार नाही. सॅडलचा स्क्रू गंजलाय, त्यावर तेलाचा थेंब टाकून ठेवलाय.