मदत हवी आहे: जुन्या ८ मिमी डीए पॉलिशरनंतर काय घेऊ, १५ मिमी की फोर्स्ड रोटेशन?

मंडळी, पॉलिशिंगचा हात असलेल्यांकडून सल्ला हवाय. गेली सहा वर्षं माझ्याकडे एकच डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतं आणि छोट्या वर्तुळातही हलतं) पॉलिशर आहे, ८ मिमी ऑर्बिटचा (त्या छोट्या वर्तुळाचा आकार), साधा फ्री स्पिनिंगवाला (पॅडचं फिरणं गिअरला जोडलेलं नाही, मोकळं आहे), आणि त्याच्यावर मी घरच्या दोन गाड्या आणि मित्रमैत्रिणींच्या बऱ्याच गाड्या केल्यात. धंदा नाही, आवड आहे, पण काम मनापासून करते. मशीन अजून चालू आहे, पण आता ते मला पुरत नाहीये.

मुख्य त्रास असा की वळणावर पॅड फिरायचं थांबतं. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिला चिकटतं ती चकती) कडेला मी मार्करने एक जाड काळी रेघ मारून ठेवलीय, पॅड खरंच फिरतंय की नुसतं थरथरतंय ते तिच्यावरून लगेच कळतं. बॉनेटवर, छतावर रेघ मस्त फिरते. मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर मशीन नेलं की रेघ एका जागी उभी! दाब कमी केला तर फिरते पण कट (ओरखडे घासून काढायची ताकद) मिळत नाही, दाब दिला की परत थांबते, आणि मशीन जरासं तिरकं झालं तरी तेच. गेल्या महिन्यात एक काळी गाडी केली, तिचं बॉनेट चार पासमध्ये साफ झालं आणि त्या एका फुगवट्यावर मी जवळजवळ दोन तास होते, तरी टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे स्वर्ल मार्क्स (बारीक गोलाकार ओरखडे) अर्धेअधिक तसेच. त्यात पॅड इतकं तापलं की मधलं वेल्क्रो सुटून आलं. संध्याकाळी हाताला इतक्या मुंग्या आल्या होत्या की बाटलीचं झाकण उघडेना.

नेहमीचे उपाय करून झालेत, म्हणजे मोठं पॅड सोडून ५ इंची पातळ पॅड लावलं, दर सेक्शननंतर पॅड ब्रशने साफ करते, कंपाउंड (घासायची पेस्ट) मोजून तीन-चार थेंब, हात सावकाश. फरक पडला, नाही असं नाही, पण वळणावर अडायचं ते अडतंच.

आता दोन पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे १५ मिमी थ्रोचा (थ्रो म्हणजे ऑर्बिटच), रुपेस एलएचआर १५ सारखा. २१ मिमीचा विचार सोडला कारण मोठ्या सपाट पॅनलला तो भारी असला तरी माझं दुखणं वळणाचं आहे. पण मग माझी शंका अशी की थ्रो वाढला की सपाट भाग भराभर होणार हे कबूल, फ्री स्पिनिंग तर तोही आहेच, मग फुगवट्यावर तोही उभा राहिला तर? नवीन मशीनची मोटर आणि बॅलन्सिंग एवढं सुधारलंय का की जुन्या ८ मिमीपेक्षा तिथे खरंच जास्त फिरतं? वापरणाऱ्यांनी प्लीज रेघ मारून बघून सांगा.

दुसरा पर्याय फोर्स्ड रोटेशन, फ्लेक्स एक्ससी ३४०१ सारखा, त्याचाही ऑर्बिट ८ मिमीच पण गिअरवर चालतो, म्हणून दाब दिला तरी पॅड थांबत नाही. हे मला फार पटतं. भीती उष्णतेची आहे, कारण फ्री स्पिनिंग मशीन कडेवर अडकलं की आपोआप थांबतं, तीच एक प्रकारे सेफ्टी आहे, आणि हा थांबणारच नाही. क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, कडांवर त्याहून पातळ, आणि साधा पेंट गेज सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, त्यात क्लिअरकोट किती उरलाय ते कळत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, तिथे तुम्ही काय काळजी घेता? आणि मऊ काळ्या पेंटवर शेवटचं फिनिशिंग त्याच मशीनवर होतं का, की हेझ (धूसरपणा) राहतो म्हणून शेवटचा पास साध्या डीएवरच घ्यावा लागतो?

रोटरी (पॅड नुसतं गोल फिरवणारं मशीन) नको. ओळखीतल्या एकाची मागून वापरली होती, कट जबरदस्त, पण उन्हात गाडी काढली तर दारभर होलोग्राम (मशीनचे चमकते पट्टे), ते काढायला परत डीएच घ्यावा लागला. शिकण्यासारखं आहे, पण दुसऱ्याच्या गाडीवर शिकायचं नाही मला.

एक तिसरा विचार परवापासून डोक्यात घोळतोय. जुनं मशीन सपाट भागाला ठेवायचं आणि नवीन घ्यायचा तो १२ मिमीचा लहान, ३ इंची प्लेट लावून, फुगवटे, पिलर, बंपर यांच्यासाठीच. असं कोणी केलंय का? अख्खं मागचं फेंडर ३ इंची पॅडवर करणं वेळेच्या दृष्टीने जमतं का? सध्या एकच मशीन घेता येणार आहे. पुढच्या आठवड्यात एक गडद निळी गाडी यायचीय, दोन्ही बाजूंना तसलेच फुगवटे, त्याच्या आत ठरवायचंय.