मदत हवी आहे: इस्ट्राडायोल घालूनही कूर्चेच्या पेशींवर काहीच परिणाम दिसत नाही

चांदणी
कृपया लवकर सांगा. पुढच्या शुक्रवारी गाइडसमोर आकडे ठेवायचे आहेत आणि माझ्याकडे ठेवण्यासारखे काहीही नाही.

हाडांच्या टोकाशी वाढीची जी कूर्चा असते (ग्रोथ प्लेट), तिच्या पेशींवर इस्ट्रोजेन थेट काय करते ते बघते आहे. एटीडीसी५ पेशी (प्लेटमध्ये कूर्चा बनवणाऱ्या उंदराच्या पेशी), २१ दिवस, १० नॅनोमोलर इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार). कंट्रोल आणि इस्ट्राडायोल यांत काडीचाही फरक नाही. अल्शियन ब्ल्यूचा रंग (कूर्चा किती झाली ते दाखवणारा) सारखा, कोलॅजेन-१० (पेशी पक्व झाल्याची खूण) सारखे. ३ वेळा केले, तिन्ही वेळा तेच. हॉर्मोनची बाटली नवीन आहे. बाकी सगळे नेहमीचेच.

मात्रा वाढवू का?

पेशीपाल
'नेहमीचेच' म्हणजे काय ते लिहा. मीडियम (पेशींचे पोषक द्रावण) कोणते? सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) कसले आणि किती टक्के? हॉर्मोनचा स्टॉक कशात विरघळवलात? कंट्रोलमध्ये तेच द्रावक तेवढेच घातले का? मीडियम किती दिवसांनी बदलता? हे कळेपर्यंत मात्रेला हात लावू नका.

चांदणी
डीएमईएम/एफ१२ मीडियम, ५ टक्के सीरम, आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम). दर २ दिवसांनी बदलते. स्टॉक इथेनॉलमध्ये, कंट्रोललाही तेवढेच इथेनॉल. प्रोटोकॉल आमच्या लॅबचाच आहे, माझ्या सीनियरची पूर्ण पीएचडी याच मीडियमवर झाली. त्यामुळे मीडियमचा प्रश्न नसावा.

रानवारा
मी या क्षेत्रातला नाही, पण एक शंका. इस्ट्रोजेन हे बायकांचे हॉर्मोन. उंची तर मुलग्यांचीही थांबते. मग कूर्चा बंद करण्याचे काम टेस्टोस्टेरॉनचे असणार ना? ते घालून बघा की.

कुंदा
रानवारा, शंका रास्त आहे. डॉक्टरही बराच काळ तसेच समजत. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली आणि चित्र पालटले. उंची २०४ सेंटिमीटर, तरी अजून वाढतच होती. हाडांचे वय १५ वर्षांच्या मुलाइतके. टेस्टोस्टेरॉन अगदी योग्य पातळीवर. बिघाड होता तो ईआर-अल्फा या इस्ट्रोजेनच्या ग्राहकात (रिसेप्टर, म्हणजे पेशीतले हॉर्मोन ज्याला चिकटते ते प्रथिन). त्याच्या दोन्ही जनुकप्रती निकामी होत्या, त्यामुळे बाहेरून इस्ट्रोजेन देऊनही उपयोग झाला नाही.

त्यानंतर ॲरोमटेज नसलेले पुरुष सापडले. टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करणारे एन्झाइम ते हेच. त्यांचीही उंची वाढतच राहिलेली आणि हाडे विरळ. मात्र त्यांचा ग्राहक शाबूत होता. अशा एका ३८ वर्षांच्या रुग्णाला इस्ट्राडायोल दिल्यावर कूर्चा बंद झाली, ती नोंद १९९७ ची. म्हणजे मुलगा असो की मुलगी, कूर्चा मिटवते ते इस्ट्रोजेनच. मुलग्यांमध्ये ते टेस्टोस्टेरॉनपासून तयार होते एवढाच फरक.

एक आई
तुमचे बोलणे वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, वर्गात सर्वांत बुटका. कूर्चा इस्ट्रोजेनने बंद होते, तर ते थांबवणारे औषध देता येते का? सध्या उंची वाढवण्याची पावडर चालू आहे.

पेशीपाल
ताई, हा धागा प्रयोगशाळेतल्या पेशींचा आहे. वेगळा धागा काढा, तिथे जास्त लोक उत्तर देतील.

कुंदा
पेशीपाल, एवढे अवांतर चालू द्या, त्या काळजीत आहेत.

ताई, आधी बालरोगतज्ज्ञांकडून डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय बघून घ्या. सोबत गेल्या २-३ वर्षांतल्या उंचीच्या नोंदी आणि तुम्हा दोघांची उंची सांगा. घरात कुणी उशिरा वयात आले असेल तर तेही. नुसते 'सर्वांत बुटका' यावरून काहीच ठरत नाही. वर्षाला किती सेंटिमीटर वाढतो आहे यावरून ठरते. हाडांचे वय मागे असेल तर अजून बरीच वाढ शिल्लक असते. ॲरोमटेज अडवणारी औषधे आहेत, पण ती हॉर्मोनतज्ज्ञांनी नीट तपासून, निवडक मुलांनाच द्यायची असतात. पावडर बंद करा. मिटलेली कूर्चा कुठल्याही पावडरीने उघडत नाही.

एक आई
खूप आभार ताई. उद्याच फोन करते.

चांदणी
सगळे महत्त्वाचे आहे, मान्य. पण माझ्या प्रश्नाचे काय? ४ दिवस गेले.

पेशीपाल
माझा प्रश्न तुम्ही अर्धाच सोडवलात. 'सीरम ५ टक्के' हे कळले, कसले ते कळले नाही. कोळशाने साफ केलेले, की बाटलीतून काढले तसेच? आणि मीडियममध्ये फिनॉल रेड (त्याला गुलाबी करणारा रंग) आहे का?

चांदणी
सीरम साधेच. मीडियम गुलाबी आहे. सगळ्यांचे गुलाबीच असते ना?

पेशीपाल
मग सापडले. तुमच्या कंट्रोलमध्ये इस्ट्रोजेन आहेच. साध्या सीरममध्ये स्टिरॉइड हॉर्मोन असतात, आणि तो गुलाबी रंगही इस्ट्रोजेनसारखा वागतो हे १९८६ पासून माहीत आहे. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर ते दाखवले गेले होते. तुम्ही ज्याला शून्य समजता आहात ते शून्य नाही. भरलेल्या हंड्यात आणखी तांब्याभर ओतले तर पातळी कुठे वाढणार? रंग नसलेले मीडियम घ्या, विषय संपला.

गोधडी
विषय संपला नाही. मी वर्षानुवर्षे एमसीएफ-७ वरच काम करते म्हणून सांगते, फिनॉल रेडचे नाव उगाच बदनाम झाले आहे. इस्ट्रोजेनसारखे वागणारा मुख्य पदार्थ तो रंग नव्हे. रंग बनवताना त्यात राहून जाणारी एक अशुद्धी तसे वागते, हे १९८८ साली दाखवले गेले. म्हणून एका बॅचमध्ये परिणाम दिसतो, दुसरीत नाही. चांदणी, नुसते रंगहीन मीडियम घेऊन साधे सीरम घालत राहिलात तर पुन्हा २१ दिवस वाया जातील. आधी सीरम बदला.

पेशीपाल
अशुद्धी असो की रंग, पेशीला काय फरक पडतो? दोन्ही काढा ना.

गोधडी
दोन्ही काढाच, पण क्रम सांगायला हवा. आणि कोळसा फुकट काम करत नाही. इस्ट्रोजेनबरोबर थायरॉइड हॉर्मोन, कॉर्टिसॉल आणि इतर स्निग्धप्रेमी पदार्थही तो ओढून घेतो. थायरॉइड हॉर्मोनने कूर्चेच्या पेशी पक्व होतात. त्यामुळे साफ सीरममध्ये एटीडीसी५ पेशींचे पक्व होणेच मंदावू शकते, आणि मग दोष इस्ट्राडायोलला लागेल. साध्या सीरमचा एक गट सोबत ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका.

वाटाड्या
प्लेटमध्ये कूर्चा होत नसते, माझे स्पष्ट मत. पेशी सोडा आणि अंडाशय काढलेले प्राणी घ्या. एका गटाला इस्ट्राडायोल, एकाला नुसते तेल, आणि हाडांचे काप. मात्र खाद्य सोयाबीनविरहित घ्या. सोयाबीनमधले जेनिस्टीन आणि डेडझीन इस्ट्रोजेनच्या ग्राहकाला चिकटतात, आमचा एक अख्खा गट त्यातच गेला. आणि उंदीर घेऊ नका. उंदीर वयात आला तरी त्याची कूर्चा माणसासारखी मिटत नाही. सशाची मिटते. २००१ साली अंडाशय काढलेल्या सशांवरच दाखवले गेले की इस्ट्रोजेन कूर्चेला म्हातारपण लवकर आणते, आणि पेशींची विभागण्याची ताकद संपल्यावर ती मिटते.

पेशीपाल
त्यांचा प्रश्न 'थेट परिणाम' असा आहे. जिवंत प्राण्यात इस्ट्रोजेन वाढसंप्रेरकही बदलते, त्यातून आयजीएफ-१ (वाढीचे आणखी एक हॉर्मोन) बदलते. कशामुळे काय झाले ते वेगळे कसे काढणार? शिवाय शुक्रवारपर्यंत ससे कुठून आणणार?

वाटाड्या
शुक्रवार ही गाइडची अडचण आहे, कूर्चेची नाही. घाईने चुकीच्या जागी बघण्यापेक्षा उशिरा योग्य जागी बघावे.

रानवारा
एक वाचलेले आठवले. हाडातून निघणारे ऑस्टिओकॅल्सिन वृषणात टेस्टोस्टेरॉन वाढवते म्हणे. म्हणजे हाडही प्रजननाला हुकूम देते?

वाटाड्या
ते २०११ चे, उंदरांवरचे. पण २०२० साली दोन वेगवेगळ्या गटांनी नव्याने बनवलेल्या ऑस्टिओकॅल्सिनरहित उंदरांत टेस्टोस्टेरॉन आणि प्रजननक्षमता ठीकच आढळली. वाद मिटलेला नाही. तुम्ही त्यावर धागा काढा, मी येतो.

चांदणी
ससे नाहीत, परवानगी नाही, वेळही नाही. मला एवढेच हवे आहे की माझ्या कंट्रोलमध्ये खरेच इस्ट्रोजेन आहे का, हे २१ दिवस न थांबता कसे कळेल?

गोधडी
हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. सोपे आहे. कुणाकडून तरी एमसीएफ-७ मागून घ्या. अर्ध्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) तुमचे नेहमीचे मीडियम, अर्ध्यांत रंगहीन मीडियम आणि साफ सीरम. साफ गटाला आधी ३ दिवस तसेच ठेवा, म्हणजे पेशींत साठलेले निघून जाईल. मग दोन्हींत तीन प्रकार करा: नुसते इथेनॉल, इस्ट्राडायोल, आणि फुल्वेस्ट्रंट. फुल्वेस्ट्रंट इस्ट्रोजेनचा ग्राहक अडवते आणि नष्टही करते. २४ तासांनी ग्रेब१ हे इस्ट्रोजेनने जागे होणारे जनुक मोजा. इथेनॉलच्या वेलमध्ये काही न घालताही ग्रेब१ वर असेल, आणि फुल्वेस्ट्रंटने ते खाली कोसळले, तर मीडियममध्ये इस्ट्रोजेन आहे. याच प्लेटवर तुमचा इस्ट्राडायोलचा स्टॉक जिवंत आहे की नाही तेही कळेल.

आणि एटीडीसी५ मध्ये ईआर-अल्फा आहे का हे कधी मोजलेत? ग्राहकच नसेल तर हॉर्मोनने बोलायचे कुणाशी?

चांदणी
नाही मोजले. सीनियरने मोजले असेल असे धरून चालले होते.

पेशीपाल
गोधडींची चाचणी उत्तम आहे, +१. शून्य आधी तपासावे हे मीच सांगायला हवे होते. मी थेट मीडियम बदलायला सांगत बसलो.

चांदणी
८ दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी. शेजारच्या लॅबने एमसीएफ-७ दिल्या. आमच्या गुलाबी मीडियममध्ये काही न घालताही ग्रेब१ भरपूर, इस्ट्राडायोलने जेमतेम हलले, फुल्वेस्ट्रंटने सपाट झाले. साफ मीडियममध्ये इथेनॉलच्या वेल अगदी खाली, आणि इस्ट्राडायोलने ग्रेब१ कित्येक पट वर. म्हणजे स्टॉक ठीक होता. एटीडीसी५ मध्ये ईआर-अल्फा आहे, थोडेच, पण आहे. शुक्रवारी गाइडसमोर हेच ठेवले. ते बराच वेळ आलेख बघत राहिले आणि म्हणाले, जुन्या प्लेट्सही याच मीडियमवर होत्या ना. सीनियरला अजून कळवलेले नाही, ते मला जड जाते आहे.

एक उरले. आयटीएसमधले इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. तेही झाकून टाकत असेल का?

गोधडी
शक्य आहे. शरीरातल्या पातळीच्या ते हजारो पट आहे आणि एवढ्या मात्रेला इन्सुलिन आयजीएफ-१ चा ग्राहकही चालू करते. वाढीचा तो मार्ग आधीच पूर्ण उघडा असेल तर त्यावर इस्ट्राडायोलचा लहान परिणाम दिसणार नाही. पण इन्सुलिन पूर्ण काढू नका, त्याशिवाय या पेशी कूर्चेकडे वळायच्याच नाहीत. एका प्लेटवर १०, ३ आणि १ अशा तीन मात्रा लावा आणि ७ व्या दिवशी कोलॅजेन-२ (कूर्चा बनू लागल्याची खूण) बघा. जी सर्वांत कमी मात्रा पेशींना पुरते, तीच २१ दिवसांना घ्या.

सीनियरला मात्र आजच कळवा. त्यांच्याकडे गोठवलेले नमुने असतील.

चांदणी
मेल आत्ताच पाठवला. प्लेट उद्या सकाळी लावते.