अडीच महिन्याच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी पाजायचं का? घरचे ऐकत नाहीयेत

यावलची सून
ताईंनो, बाळ अडीच महिन्याचं आहे, अंगावरच पितं. ऊन ४४ च्या वर जातंय आणि सासूबाईंचं दिवसभर एकच, "पोऱ्याना घसा सुकी राह्यना, दोन चमचा पानी पाज". डॉक्टरांनी तर सहा महिने वरचं काही द्यायचं नाही सांगितलंय. त्यात संध्याकाळी दोन-तीन तास बाळ सोडतच नाही, खाली ठेवलं की रडतं, मग सगळे म्हणतात दूध पुरत नाही, घुटी सुरू कर, पावडरच्या दुधाचा डबा लाव. काल मी आंघोळीला गेले तेवढ्यात पाणी पाजलंच. मला खूप रडू आलं. दूध पुरतंय की नाही कसं कळतं?

धुळ्याची आई
माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी चिकाचं दूध खराब म्हणून पिळून टाकलं, वर मध चाटवला. नंतर पाणी पण चालू आणि रोज सहाणेवर उगाळलेली घुटी पण. तिसऱ्या महिन्यात इतके जुलाब झाले की अ‍ॅडमिट करावं लागलं, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. दुसऱ्याला सहा महिने थेंबभर पाणी दिलं नाही, तो पण मे महिन्यातलाच.

आशा ताई, चोपडा
आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा पिऊन तहान भागवतं, फक्त आपण मागेल तेव्हा पाजायचं. पाण्याने पोट भरलं की बाळ ओढत कमी, आणि ओढलं कमी की दूध खरंच कमी होतं, मग सगळे म्हणतात बघा आम्ही सांगत होतो. संध्याकाळी सारखं पिणं या वयात नॉर्मल आहे. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी, आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वजन, एवढं असेल तर दूध पुरतंय. लघवी कमी झाली, गडद झाली किंवा बाळ सुस्त पडलं तर मात्र घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात. मध वर्षाच्या आत अजिबात नको. आम्हा आशा सेविकांच्या घरभेटी ४२ व्या दिवसापर्यंत, पुढची एकदम तिसऱ्या महिन्यात, मी तर बघते की मधल्या दिवसातच घराघरात चमचा-वाटी निघते.

अमळनेरची आजी
बेटा, मी पण सासू आहे आणि मी माझ्या पोरांना पाणी पाजलंय, आम्हाला तेच सांगितलं होतं. सुनेचं म्हणणं मला पटलं नव्हतं, नर्सबाईंनी माझ्यासमोर नातवाचं वजन केलं तेव्हा पटलं. १४ आठवड्याच्या लसीच्या डोसला सासूबाईंना सोबत ने. आणि तू स्वतः पाणी पी गं, पाजायला बसली की तांब्या जवळ ठेव.

यावलची सून
काल आशा ताईंचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. आज संध्याकाळी दोरीवरचे लंगोट त्यांनीच मोजले, आठ होते. मग तांब्या भरून माझ्याजवळ आणून ठेवला.