चर्चा: इलेक्ट्रॉनिक संगीतातील मुखवटे आणि रोषणाई हा निव्वळ दिखावा आहे का?

जळगावकर: इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमांतील मुखवटे, एलईडी पडदे आणि प्रकाशयोजना यांना आपल्याकडे सर्रास दिखावा म्हटले जाते, मला ते मान्य नाही. संबळ वाजवणाऱ्याच्या मनगटाचा झटका श्रोत्याला दिसतो, पण सिंथेसायझरसमोरचा कलावंत एखादी कळ किंचित फिरवतो आणि सगळा नाद पालटतो, तेव्हा कोणत्या कृतीने काय घडले हे पहिल्या रांगेतल्यालाही उमगत नाही. ही उणीव दृश्यानेच भरून काढावी लागते. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडने हे फार लवकर ओळखले: १९७८ मध्ये लाल सदरे आणि काळे टाय असा एकसारखा वेश त्यांनी घेतला, तर १९८१ च्या दौऱ्यात रंगमंचावर स्वतःचे पुतळेच आणले. माणूस आणि यंत्र यांचे नाते हाच त्यांच्या संगीताचा विषय असल्याने तो वेश रचनेतूनच आलेला होता. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीची शिरस्त्राणे आणि २००६ मधील अमेरिकेच्या कोचेला संगीत महोत्सवात ज्यात बसून त्यांनी वादन केले तो रोषणाईचा पिरॅमिड यांनाही मी त्याच पंक्तीत बसवतो.

धुळेकर: आपण उत्तम उदाहरणे निवडलीत, म्हणून युक्तिवाद सोपा झाला. उंदराचा मुखवटा घालणाऱ्या डेडमाऊस या कॅनडाच्या संगीतकाराने २०१२ मध्ये स्वतःच उघडपणे लिहिले होते की, दिवे आणि चित्रफिती टाइमकोडने, म्हणजे आधीच ठरवलेल्या वेळेच्या खुणांनी, संगीताशी बांधलेल्या असल्याने मोठ्या कार्यक्रमात आयत्या वेळी बदल करायला फारसा वाव उरत नाही. म्हणजे जे दृश्य संगीताच्या मदतीला आणले, तेच त्याचे हातपाय बांधते. श्रोते रंगात आले म्हणून एखादा ठेका आणखी चार आवर्तने लांबवता येत नसेल, तर त्याला प्रत्यक्ष वादन कशाला म्हणायचे? आपल्या वरातींतील डीजेच्या गाडीवर शार्पी या प्रखर दिव्यांचे झोत वाढत गेले आणि गाण्यांची जुळणी मात्र आहे तिथेच राहिली, हे तर आपण सारे पाहतोच.

नंदुरबारकर: दोघांच्याही बोलण्यात वेश हा आवाजाबाहेरचा, वरून चढवलेला असे गृहीत धरलेले दिसते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत बुध्या होणारे आदिवासी बांधव अंगावर राखेची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात आणि कमरेला सुके भोपळे व घुंगरू बांधतात. ते नाचू लागले की ती कंबरच वाजते. तिथे वेशच वाद्य आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतात हालचाल टिपणारे सेन्सर हातमोज्यांत बसवून त्यांतून ध्वनी नियंत्रित करण्याचे प्रयोग झालेले आहेत, आणि मला ते कोणत्याही पिरॅमिडपेक्षा मोलाचे वाटतात. मात्र बुध्याच्या वेशामागे नवस आणि कडक पाळणूक असते, त्यामुळे एखाद्या डीजेने तो टोप शोभेसाठी डोक्यावर चढवू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

जळगावकर: हातमोज्यांचा मुद्दा मला पटला, कारण तिथे कृती आणि नाद पुन्हा एकत्र दिसतात. टाइमकोडबाबत मात्र धुळेकरांशी सहमत नाही. दृश्य आधीच गोठवून ठेवणे ही तंत्राची सक्ती नाही. व्हीजे, म्हणजे पडद्यावरची दृश्ये हाताळणारा कलावंत, समोर बसून संगीत ऐकत ऐकत चित्रे मिसळू शकतो, आणि संगणकाला ध्वनीच्या चढउतारांनुसार प्रकाश बदलायलाही लावता येतो.

धुळेकर: येते, पण आयोजक तो धोका पत्करत नाहीत. मोठ्या पडद्यावर पैसा ओतला की चूक कोणालाच नको असते, आणि माझा आक्षेप नेमका त्या अर्थकारणावर आहे, मुखवट्यावर नाही.