नवऱ्याला घेऊनच डॉक्टरकडे जा

ताई, नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचा अकरा वर्षांचा मुलगा धाकटीला मारतो, पैसे चोरतो, परवा गादी पेटवली आणि नवरा म्हणतो "मोठा झाला की सुधारेल"... वाचून अंगावर काटा आला हो. आग लावणं म्हणजे नुसता हट्टीपणा नाही, आता वाट बघत बसू नका. कोणी त्याला बोर्डिंगमध्ये टाका म्हटलं तरी ते राहू द्या, आई गेलेल्या पोराला वाटणार बघा मला घरातूनच काढलं.

बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायर तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. काहीच सुचेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीतही बोलतात. पण नवऱ्याला न्याच, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लहान मुलाच्या वतीने निर्णय कायदेशीर पालकाचा, तुम्ही दत्तक घेतलं नसेल तर सही त्यांचीच लागणार.

जाताना वहीत लिहून न्या, म्हणजे "मंगळवारी संध्याकाळी, मोबाईल काढून घेतला, लगेच धाकटीचे केस ओढले" असं, कारण "खूप त्रास देतो" एवढ्यावरून डॉक्टरला काय कळणार? शिस्त सध्या बापालाच लावू दे, तुम्ही कशाला सावत्र आईचा शिक्का मारून घेताय. फटके मात्र दोघांनीही बंद करा, त्याने पोरं अजून चेकाळतात. आणि आजच काडेपेटी, लायटर कुलपात टाका, धाकटीला त्याच्याजवळ एकटी सोडू नका.