तैलरंगातलं व्यक्तिचित्र: गालावरचे फटकारे जिवंत ठेवायचे कसे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी वास्तववादी पद्धतीने तैलरंगात व्यक्तिचित्रं करतो. समोर माणूस बसवून, एका बाजूच्या उजेडात. सादृश्य येतं. केस, कपडे, पार्श्वभूमी मोकळ्या हाताने होते, पण चेहऱ्याशी आलो की हात आखडतो. सगळ्यात अडतं ते गालावर, उजेड संपून सावली सुरू होते त्या हाफटोनमध्ये. फटकारे तसेच ठेवले तर गाल वळत नाही, रंगाचे तुकडे चिकटवल्यासारखे दिसतात. मऊ ब्रशने मिसळले की वळतो, पण कातडी मेणाची वाटते. तसा गुळगुळीत चेहरा मला अजिबात नकोय.

डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या १६२४ मधल्या 'लाफिंग कॅव्हेलियर'मध्ये लेस आणि बाही बेधडक रंगवली आहे, चेहरा मात्र बराच बांधीव. अमेरिकन व्यक्तिचित्रकार जॉन सिंगर सार्जंटच्या चेहऱ्यांवरही फटकारा दिसतो आणि तरी गाल गोल! माझ्या मते टोनचा (रंग किती उजळ, किती गडद याचा) निर्णय तो पॅलेटवरच करून टाकत असावा. जमलं नाही तर अख्खं डोकं खरवडून पुन्हा रंगवायचा.

म्हणून आता पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि काळा (स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्नचं पॅलेट) एवढ्यावरच काम करतोय. टोन आधी मळून ठेवतो, ब्रिसलचा (राठ केसांचा) मोठा फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा ब्रश, वापरतो आणि दर फटकाऱ्यानंतर ब्रश पुसतो. कपाळ आणि नाक यामुळे खूप सुधारलं, कारण तिथली प्रतलं स्पष्ट असतात. गालाला अशी ठळक कडच नसते.

तर गालावर फटकारा गोलाईच्या दिशेने ओढता की तिला आडवा? मला आडवा जास्त ताजा वाटतो, पण सावलीच्या कडेला तो फाटतो. ती कड तुम्ही कोरड्या ब्रशने मऊ करता, की मधला एक टोन घालून तशीच सोडता?

शिवाय दुसऱ्या दिवशी रंग अर्धवट सुकून चिकट झालेला असतो, नवा फटकारा त्यात ओढला जातो. तेव्हा खरवडून पुन्हा ओल्यात ओलं करावं, की पूर्ण सुकू देऊन जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात मारून वर काम करावं? दुसऱ्या पद्धतीत जुन्या-नव्या फटकाऱ्यांचा सांधा दिसतो का?

कुणी आपल्या चित्रातल्या फक्त गालाचा, तिरक्या उजेडात जवळून काढलेला फोटो टाकला तर फार उपयोग होईल.